पाव्हण्यांचं नाटक

तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडपवाल्यानं बांबू आणून टाकले. दरवर्षी असंच होतं. बालाजीची यात्रा उठून गेलेली असते, देऊळगाव राजातल्या दुकानदारांच्या अंगातला यात्रेचा शीण अजून निघालेला नसतो, आणि तेवढ्यात लग्नाची खरेदी सुरू होते. जालन्याच्या गाडीत बस्त्याला निघालेल्या बायका खिडक्या धरून बसतात. गावाबाहेर पडलं की तूर फुलावर आलेली दिसते, हरभरा नुकता वर आलेला असतो, सोयाबीनच्या भुसाचे ढीग बांधावर तसेच पडून असतात. पहाटे शाल लागते आणि दुपारी ती नकोशी होते. सगळ्यांना हा हंगाम आवडतो. मलाही आवडायचा. आता लांबून बँड वाजला तरी मी खिडकी लावून घेते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझ्या भावाचं बियाण्यांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या दोन खोल्या माझ्या. एकीत मी राहते आणि दुसरीत माझं नाटक राहतं, म्हणजे गुंडाळलेले पडदे, दोन हॅलोजन आणि एका पत्र्याच्या पेटीत मिश्या, फेटे, चष्मे. हरभऱ्याचं बियाणं न्यायला आलेल्या आया जाताना भावाच्या काउंटरवर मुलाचा बायोडाटा ठेवून जातात. तुमच्याकडं दहा गावचे लोक येतात, नजरेत असू द्या, म्हणतात. फोटोत मुलगा स्टुडिओतला कोट घालून उभा असतो. कोट एकच, मुलं वेगवेगळी. मी चहा पिता पिता ते कागद वाचते. पूर्वी 'अपेक्षा' या शब्दापुढे गोरी, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष असं काय काय असायचं. आता तिथं 'काही नाही' असतं. परवा एकानं तर शब्दही लिहिला नव्हता, नुसती आडवी रेघ मारली होती. त्या रेघेकडे बघून मला हसू आलं आणि मग लगेच स्वतःचा राग आला.

त्याच दिवशी सोनाळ्याहून एका शिक्षकांचा फोन आला. त्यांच्या शाळेच्या पटांगणात माझं एक जुनं नाटक त्यांना हवं होतं. नाव त्यांना आठवत नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण त्या नाटकाला मी नाव दिलंच नव्हतं. लोकच त्याला पाव्हण्यांचं नाटक म्हणायला लागले. सर म्हणाले, सध्या गावोगावी तोच विषय आहे ताई, लोक पोट धरून हसतील. मी म्हटलं, कळवते. अजून कळवलेलं नाही.

मी नटी आहे. हे वाक्य आमच्याकडे आजही एका दमात म्हणता येत नाही. लोक मला नाटकवाली ताई म्हणतात; त्यात माया किती आणि टोमणा किती, हे तपासायचं मी सोडून दिलंय. बुलढाण्याच्या कॉलेजात असताना स्नेहसंमेलनात उभी राहिले, तिथून स्पर्धा, तिथून पुणे. पुण्यात माझी बोली सगळ्यांना फार गोड वाटायची. इतकी गोड, की मला कायम मोलकरणीची भूमिका मिळायची. हातात ट्रे घेऊन आत येणं आणि रिकामा ट्रे घेऊन बाहेर जाणं यात मी पारंगत झाले. एक दिग्दर्शक मनापासून म्हणाले, तुझ्या भाषेत मातीचा वास आहे, तो घालवू नकोस. म्हणजे ट्रेही सोडू नकोस, असा अर्थ मी घेतला आणि काही वर्षांनी परत आले. लोकांना वाटतं मी मातीच्या ओढीनं आले. मी रागानं आले. पण आल्यावर लक्षात आलं की इथं थिएटर नाही, तालमीला जागा नाही, आणि तरी माणसं नाटक बघायला सतरंजी घेऊन तासभर आधी येऊन बसतात. मग राहिले. शाळांची गॅदरिंगं बसवायची, त्यावर पोट भरायचं, आणि वर्षाला एखादं आपलं नाटक करायचं, असं माझं चाललंय.

मलाही एकदा पाहायला आले होते. मुलाच्या आत्यानं पहिला घास घेण्याआधी विचारलं, नाटकात पुरुषाच्या अंगाला हात लागत असन नं? वडील म्हणाले, ती सोडणार आहे नाटक. मी म्हटलं, नाही सोडणार. पोहे तसेच राहिले. त्याचं मला आता दुःख नाही. उलट कधीकधी वाटतं, त्या बाईचे आभार मानायला हवेत. पण पाहुणे आल्यावर घरात जी एक विचित्र शांतता पसरते, सगळे हळू बोलतात आणि भांडी मात्र वाजतात, ती माझ्या कानात राहून गेली. ते नाटक तिथून आलं असावं. मात्र मी ते लिहिलं मुलावर, कारण आता पाहायला येणारे उलट्या दिशेनं येतात. मुलीचे लोक मुलाचं घर बघायला येतात, आणि शेतकरी मुलगा दाराशी हात जोडून उभा असतो.

तो मुलगा म्हणजे विलास. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी त्याला पहिल्यांदा उभं केलं होतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नाटकात तो होता. त्याचं शेत आमच्या गावापासून जवळच. आमच्या तालुक्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं पिकवतात, तसं तो मिरचीचं पिकवायचा. मादी झाडाची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं उघडायची, आतले केसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाची भुकटी तिला बोटानं लावायची. लावून झालं की कळीला लाल दोरा बांधायचा, म्हणजे कुठलं झालं आणि कुठलं राहिलं ते कळतं. या कामाला सगळे क्रॉसिंग म्हणतात. विलासकडे क्रॉसिंगला येणाऱ्या बायकांत शांताबाई म्हणून एक होत्या, तोंडानं फटकळ. त्या म्हणायच्या, "दिसभर फुलायचे लग्न लावते, अन् सोताच्या लग्नात अजून मांडवाच्या बाहीर." विलास हसायचा. तिशी ओलांडून गेली होती त्याची. घर बरं, शेत बरं, पोरगा निर्व्यसनी. नोकरी मात्र नाही.

नट म्हणून त्याच्यात एक गोष्ट होती जी मला कुणाला शिकवता आलेली नाही. त्याला रंगमंचावर वाट बघता यायची. समोरचा बोलत असताना बाकीचे नट आपल्या वाक्याची वाट बघतात. हा त्या माणसाची वाट बघायचा. हातपाय हलवायचा नाही, चेहरा करायचा नाही. नुसता उभा राहायचा आणि लोक त्याच्याकडेच बघायचे.

तालमी शेडनेटमध्येच व्हायच्या. हिरव्या जाळीतून आलेलं ऊन सगळ्यांच्या तोंडावर हिरवट पडायचं, मिरचीचा उग्र वास नाकात बसायचा, आणि बायका भाकरी खात आमच्याकडे बघत असायच्या. मुलीचा बाप करायला मला नट मिळेना. ज्यांच्या घरात मुली होत्या त्यांना ते अशुभ वाटे, आणि ज्यांच्या घरात लग्नाचे मुलगे होते त्यांना त्याहून अशुभ वाटे. शेवटी मी पेटीतली मिशी काढली, फेटा बांधला आणि स्वतःच बाप झाले. पहिल्या दिवशी बायका इतक्या हसल्या की काम थांबलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला पाव्हणे म्हणायला सुरुवात केली, अगदी नाटकाबाहेरसुद्धा.

नाटक साधं होतं. बाळू नावाच्या मुलाचं घर पाहायला पाहुणे येतात, गोठा बघतात, विहीर बघतात, छताकडे बघतात. दुसऱ्या अंकात मुलीचा बाप, म्हणजे मी, रंगमंचाच्या कडेला येऊन थेट प्रेक्षकांना विचारते, "काय गाववाले हो, पोरगा कसा हाय?" याचं उत्तर मी लिहिलं नव्हतं. ते ज्या त्या गावानं द्यायचं. आपल्याकडे सोयरीक जुळवायला कुणी नसलं तरी मोडायला अख्खं गाव असतं, हे सगळ्यांनाच ठाऊक. त्यामुळे पहिल्याच प्रयोगाला लोक जे सुटले ते सुटलेच. कुणी म्हणे झोपेत बडबडतो. कुणी म्हणे याची माय सुनेला फ्रिज उघडू देणार नाही. एका गावात एक आजोबा उठून म्हणाले, विहीर दाखवतील पण आत वाकून पाहू देणार नाहीत. लोक इतकं अस्सल खोटं बोलायचे की माझ्या शिकवलेल्या नटांना लाज वाटावी. आणि या सगळ्या वेळात विलास मधोमध उभा असायचा, हात जोडून, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी धरलेलं हसू. ते हसू हळूहळू कसं उतरत जातं, ते मी दर प्रयोगाला दोन हातांवरून बघितलंय. लोक हसून हसून दमायचे आणि मग आपोआप गप्प व्हायचे. प्रयोग संपल्यावर गावातली पोरं यायची, विलासचा हात हातात घ्यायची आणि बराच वेळ सोडायची नाहीत.

पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी मला विचारलं होतं, शेवटी तो मरत नाही का? मी म्हटलं, नाही, शेवटी तो मिरचीला पाणी द्यायला जातो. त्यांचा थोडा हिरमोड झाला.

आणि त्याच हंगामात विलासला खरंच स्थळ आलं.

मुली आता लांब लांब शोधाव्या लागतात. हे स्थळ मोताळ्याकडचं, रोहिणखेडचं. विलास आणि त्याचे काका जाऊन मुलगी पाहून आले. दुसऱ्या दिवशी मी शेडनेटमध्ये गेले तेव्हा तो एका कळीला दोरा बांधत होता आणि तोच दोरा पुन्हा सोडत होता. म्हणाला, ती सरळ आपल्याकडे बघत होती, खाली नाही. आणखी म्हणाला की त्यानं नाटकाचं आपणहून सांगून टाकलं, आणि मुलीचे वडील म्हणाले, छंद आहे, असू द्या. पसंती कळली होती. आता ते लोक घर पाहायला येणार होते. कधी, ते सांगणार नव्हते. तीच रीत आहे. सांगून आलं तर घर सजवलेलं दिसतं, म्हणून न सांगता यायचं, टपरीवर चहा प्यायचा, दोन-चार जणांना विचारायचं, आणि मग दारात उभं राहायचं. मुलीला अर्थात कुणी सोबत आणत नाही.

मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता. त्यानं घराच्या पुढच्या भिंतीला रंग दिला, दारातली शेळी मागं नेऊन बांधली, टपरीवर बसणं सोडलं. मुलीचं नाव मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सगळे नुसतं रोहिणखेडवाली म्हणायचे. शांताबाईंनी तर गाणीसुद्धा ठरवून ठेवली होती. मला मात्र भीती वाटत होती. चांगल्या प्रयोगाच्या आधी वाटते तशी नाही. वेगळीच.

दत्तजयंतीला विलासच्याच गावात आमचा प्रयोग होता. तारीख आधीच दिलेली. मी त्याला म्हटलं, पाहुणे येऊन जाऊ देत, मग करू. तो म्हणाला, गावानं विचारलं का पुढं ढकलला तर काय सांगायचं? ते खरं होतं. शाळेच्या ओट्यावर प्रयोग लागला. ऊन कलताना सुरू केला. सगळं गाव होतं, शांताबाई आणि त्यांच्या बायका पुढच्या ओळीत. पहिला अंक रंगला. दुसऱ्या अंकात बाळू पाहुण्यांना पाणी देतो. विलासनं माझ्या हातात तांब्या दिला आणि ओठ न हलवता म्हणाला, "ताई, आंब्याखाली पाव्हणे बसेल हायेत. खरेवाले."

मी फेट्याआडून बघितलं. शाळेच्या कडेच्या आंब्याखाली खुर्च्यांवर दोन अनोळखी माणसं होती, एक पांढऱ्या टोपीतला आणि एक जाडसर, मांडीवर हेल्मेट घेतलेला. मुलीचे वडील आणि मामा असणार. गावात परकं माणूस लपत नाही. माझ्या लक्षात आलं की पुढच्या ओळीपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळ्यांना ते केव्हाचं ठाऊक आहे. मी ठरवलं, गावाला विचारायचंच नाही. मी ती जागा गाळली आणि सरळ पुढच्या प्रवेशाचं वाक्य घेतलं. पण विलास जागचा हलला नाही. हात जोडलेले, तेच हसू, आणि म्हणाला, "पाव्हणे, गावाले नाई इचारलं तुमी?"

मग मला विचारावं लागलं. कडेला आले आणि विचारलं. "काय गाववाले हो, पोरगा कसा हाय?"

कुणी बोललं नाही. ज्या गावानं तालमी बघितल्या होत्या, ज्यांच्या जिभेवर बाळूचे दहा दोष तयार होते, ते सगळं गाव मान खाली घालून बसलं. कुणाला वाटेना की आपल्या तोंडून विलासविषयी गमतीनंसुद्धा वावगा शब्द जावा. मी उभी. तो उभा. शेवटी शांताबाई उठल्या आणि म्हणाल्या, पोरगा सोन्यासारखा हाय. त्यांच्यामागून दुसऱ्या म्हणाल्या, लय गुणाचा. मग सगळेच सुरू झाले. व्यसन नाही, भांडण नाही, मायबापाला जपतो, पोरीचं सोनं होईल. एकामागून एक, एकाच सुरात, शाळेत पोरं प्रतिज्ञा म्हणतात तसं. प्रत्येक शब्द खरा होता. आणि मी इतकी वर्षं नाटक केलंय, मला लगेच कळलं की हे सगळं पाठ करून घेतल्यासारखं ऐकू येतंय. खोटं बोलताना जी माणसं कसलेल्या नटांसारखी वाटायची, ती खरं बोलताना पार अवघडून गेली होती. मला रडू येत होतं आणि मिशीखाली ते कुणाला दिसत नव्हतं.

प्रयोग संपायच्या आत आंब्याखालच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. घर पाहायला कुणी आलंच नाही. मधल्या माणसाकडून निरोप आला की मुलीच्या मामाला कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटलं. अख्खं गाव एका तोंडानं मुलाला चांगलं म्हणत असेल तर काहीतरी मोठं झाकायचं असणार. आणि हे नाटकसुद्धा, म्हणे, आपल्यासाठीच बसवलेलं होतं.

मी विलासला विचारलं, का परत आणलंस मला त्या जागेवर? तो बांधावर बसला होता, नखातली भुकटी काढत. म्हणाला, "मले वाटलं गाव रोजच्यासारखं बोलन. पाव्हणे हासतीन. हासले का मानूस मोकळा होते." आणि उठता उठता म्हणाला, "गावाची चुकी नाई, ताई." शांताबाई पुढचे दोन दिवस क्रॉसिंगला आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या तोंडाचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता. ते मला जास्त लागलं.

हे सगळं मला दर कार्तिकात आठवतं, आणि सलग आठवत नाही. भावाच्या दुकानात एखादी बाई पोराचा बायोडाटा पुढं सरकवते आणि मला आंब्याखालच्या रिकाम्या खुर्च्या दिसतात. लग्नाच्या मांडवात कुणीतरी माइकवर आहेर पुकारतं आणि मला शांताबाईंचं सोन्यासारखा ऐकू येतं. रंगमंचावर खरं बोलावं, असं आम्ही नाटकवाले फार सहज म्हणतो. मी स्वतः शिबिरांत पोरांना शिकवते, खरं बोला, खरं वाटेल. आता ते सांगताना जीभ अडखळते. खरं वाटायला आधी कुणीतरी ऐकणारं लागतं, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेलं असलं तर काय करायचं, ते मला माहीत नाही.

सोनाळ्याचा फोन आल्यावर मी विलासला कळवलं. तो आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. शेडनेट तेच, यंदा टोमॅटो. नंतर दोन-तीन स्थळं आली आणि गेली, मग त्यानं बघणंच बंद केलं. मला वाटलं होतं तो नको म्हणेल आणि मी सुटेन. तो म्हणाला, "लावा न. मी तं मोकळाच हाव." आणि मग म्हणाला, "फक्त रोहिणखेडले जे झालं, त्या जागेवर काय करायचं तेवढं तुमी ठरवून ठेवा." तेव्हापासून मी कागद घेऊन बसते आणि कोरा कागद घेऊन उठते. गाव काहीही बोललं तरी आमच्याकडे उत्तर तयार असायचं. एकाच बोलण्याला नव्हतं. म्हणूनच रोहिणखेडच्या प्रयोगानंतर आम्ही ते नाटक पुन्हा केलं नाही.

रोहिणखेडचा प्रयोग त्याच हिवाळ्यातला, संक्रांतीच्या सुमाराचा. तोही आधीच ठरलेला. मी तो रद्द करणार होते. तोपर्यंत बातमी आली होती की मुलीचं चाकणला कंपनीत असलेल्या मुलाशी जमलं, माघात लग्न आहे. पण विलास म्हणाला, जाऊ. टेम्पोत तो सामानाजवळ मागं बसला. जुन्या मशिदीवरून पुढं गेल्यावर शाळेचं पटांगण होतं. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे मंडपवाल्याकडून मांडव सहज मिळाला होता. दिवेलागणीला सुरू केलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, आणि आमचे हॅलोजन बायांच्या अर्ध्या बाजूलाच पोचत होते. मागच्या ओळी नुसत्या पदरांच्या आकृत्या.

मी कडेला आले. मिशी नीट दाबली आणि गावाला विचारलं. रोहिणखेड झकास बोललं. एकजण म्हणाला, पोरगा मोबाइलवर रम्मी खेळतो. दुसरा म्हणाला, याच्या बापाला तीन वेळा जेवायला लागतं. कुणी म्हणालं, नाटकात काम करत असेल, त्याला काय भरवसा. त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. विलास हात जोडून उभा होता. हसू उतरत चाललं होतं, नेहमीसारखं. लोक दमत आले होते.

तेव्हा बायांच्या बाजूनं, मागून, अंधारातून एक आवाज आला. तरुण, बारीक, पण न कापणारा.

"मले चालते."

पुन्हा हशा पिकला. लोकांना वाटलं, कुणीतरी धीट पोरगी नाटकात सामील झाली. शिट्या वाजल्या. मी विलासकडे बघितलं आणि मला कळलं की हा आवाज त्यानं आधी ऐकलेला आहे. त्याचे जोडलेले हात सुटले. त्यानं हशा ओसरू दिला, पूर्ण ओसरू दिला. मग अंधाराकडे बघून हळूच म्हणाला,

"मंग आधी काऊन नाई बोलल्या?"

पुरुषांच्या बाजूच्या माना बायांकडे वळल्या. हे नाटकातलं नाही, हे लोकांना कसं कळतं कोण जाणे, पण कळतं. मागच्या ओळीत कुणाचा तरी हात कुणाला तरी खाली ओढत होता, बांगड्या वाजल्या. आणि तोच आवाज पुन्हा आला.

"मले इचारलंच कोनं?"

विलास माझ्याकडे वळला. सगळं गाव माझ्याकडे वळलं. पुढचं वाक्य माझं होतं. मी मुलीचा बाप होते.